वाफेच्या मालमोटारीचा जीर्णोद्धार



वाफेचें इंजिन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें आगगाडी उभी राहते. माझ्या वयाच्या मंडळींना रस्त्यावरची खडी दाबीत पुढें-मागें करणारा वाफेचा रूळही आठवत असेल. शाळेंतून सुटलेलीं पोरें तो पाहत तास तास उभीं राहत. परंतु भट्टींत कोळसा घालून, पाठीवर पांच-सहा टन माल घेऊन सडकेनें गांवोगांव हिंडणारी वाफेची मालमोटार आपल्याकडे फारच थोड्यांच्या दृष्टीस पडली असेल. तिचें माहेर इंग्लंड. तेथें तिचे गंजलेले सांगाडे घरच्या कारखान्यांत आणून, वर्षानुवर्षें खपून, त्यांस पुन्हां चालतें करणारे लोक आहेत. त्यांच्या उद्योगाविषयीं, आणि त्या उद्योगांतून उभ्या राहणाऱ्या एका जुन्याच प्रश्नाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम ह्या गाडीची थोडी ओळख. इंग्लंडांतील १८६५ च्या कायद्यानें सडकेवरील यंत्रगाडीस शहरांत ताशीं २ मैल व बाहेर ४ मैल एवढीच मुभा होती, आणि गाडीपुढें तांबडें निशाण घेतलेला एक मनुष्य पायीं चालवावा लागे. १८९६ सालीं हलक्या गाड्यांपुरता हा जाच दूर झाला, आणि त्याच वर्षीं लँकेशायरमधील लेलंड ह्या गांवीं वाफेच्या मालगाड्या बांधणारी एक कंपनी निघाली. १९०७ सालीं तिनें लेलंड मोटर्स हें नांव घेतलें. मद्रासच्या कारखान्यास १९५५ सालीं अशोक लेलंड हें नांव मिळालें तें ह्याच घराण्यामुळें. म्हणजे आपल्या घाटांतून डिझेलवर धांवणाऱ्या ट्रकांचें कूळ शोधूं गेल्यास तें वाफेपाशीं जाऊन पोंचतें! १९०१ सालीं ब्रिटिश युद्धखात्यानें ऑल्डरशॉट येथें मालमोटारींची परीक्षा घेतली. तींत पहिलें बक्षीस थॉर्निक्रॉफ्ट कंपनीस व दुसरें सँडबाख येथील फोडन कंपनीस मिळालें. तिसरें मोठें घराणें सेंटिनेलचें. ग्लासगोस जन्मलेलें आणि १९१५ पासून श्रूझबरीस नांदलेलें.

फोडनच्या गाडींत बॉयलर आगगाडीच्या इंजिनाप्रमाणें आडवा, इंजिन त्याच्या पाठीवर बसविलेलें, आणि तेथून जाड साखळीनें मागचीं चाकें फिरतात. सेंटिनेलची रचना निराळी. तिचा बॉयलर उभा, इंजिन गाडीच्या तळाखालीं, आणि कोळसा टाकावयाचा तो वरच्या तोंडांतून. बॉयलरचें बाहेरचें कवच व आंतली भट्टी बोल्टांनीं जोडलेलीं असल्यामुळें तीं वेगळीं करून आंतल्या नळ्या साफ करतां येतात. ही सोय ज्यानें योजली त्यानें बॉयलर साफ करणाऱ्या माणसाचे कष्ट स्वतः पाहिले असले पाहिजेत.

ह्या गाड्या गेल्या कां? पहिल्या महायुद्धानंतर सैन्याच्या पेट्रोल मोटारी स्वस्तांत विकावयास निघाल्या. वाफेच्या गाडीस हांकणारा व आगवाला अशीं दोन माणसें लागत. निघण्यापूर्वीं तासभर आधीं जाळ करावा लागे, आणि वाटेंत थांबून पाणी भरावें लागे. त्यांतच १९३३ च्या सुमारास जड गाड्यांवरील कर वाढला. फोडन घराण्यांतल्याच एडविन रिचर्ड फोडन ह्यांनीं पुढचा काळ डिझेलचा आहे हें ओळखून १९३३ सालीं वेगळी चूल मांडली. मग गाड्या भंगारांत गेल्या. कांहींच्या नशिबीं डांबर वाहणें आलें, कांहीं शेताच्या कडेला झुडुपांत गडप झाल्या. ऑस्ट्रेलियांत गेलेल्या अनेक गाड्यांचे सांगाडे तेथील कोरड्या हवेंत टिकले, आणि पुढें तेच बोटीनें परत आणवून दुरुस्त करण्यांत आले.

जुन्या यंत्रांचा हा जिव्हाळा सार्वजनिक झाला तो मोठ्या गमतीनें. १९५० सालीं ॲपलफर्ड येथील आर्थर नॅपर नांवाच्या शेतकऱ्यानें आपल्या मित्राशीं बिअरच्या पिंपाची पैज लावून दोन वाफेच्या शेतकी इंजिनांची शर्यत केली व ती जिंकली. पाहतां पाहतां अशा मेळाव्यांचा प्रघात पडला, आणि १९५४ सालीं राष्ट्रीय मंडळही स्थापन झालें.

आतां घरच्या कारखान्यांत जाऊं. कारखाना म्हणजे काय, तर परसांतली एक शेड, जुना लेथ, भोंकें पाडण्याचें यंत्र, लोहाराचा भाता आणि जड वस्तु उचलण्याची साखळी-कप्पी. बोल्टन गांवचा फ्रेड डिब्ना हा गिरण्यांचीं उंच धुराडीं दुरुस्त करणारा व पाडणारा गृहस्थ. १९७९ पासून बी. बी. सी.च्या चित्रपटांमुळें तो घरोघरीं ठाऊक झाला. त्याच्या परसांतलीं यंत्रें तर वाफेच्याच इंजिनावर चालत. तेथें त्यानें एक वाफेचा रूळ व नंतर एक ओढइंजिन नवें केलें. बॉयलरचे रिवेट त्यानें आपल्या आंगणांत ठोकले. २००४ सालीं राजवाड्यांत मानचिन्ह स्वीकारावयास गेला तेव्हां तें इंजिन त्यानें बरोबर नेलें होतें, आणि त्याच वर्षीं तो वारला. त्याचीं यंत्रें मालमोटारी नव्हत. पण काम तेंच.

काम कसें चालतें तें पाहा. गाडी पूर्ण उकलावयाची. प्रत्येक तुकड्याचें छायाचित्र घ्यावयाचें व त्यास चिठ्ठी बांधावयाची. लांकडाचा सांठा बहुधा कुजून गेलेला असतो. उरतात त्या लोखंडी पट्ट्या आणि कोने. त्यांच्या भोंकांच्या अंतरावरून सुताराला फळीची जाडी व तुळईची रुंदी काढावी लागते. इंजिनाचें नळकांडें झिजून लंबवर्तुळाकार झालेलें असतें. तें पुन्हां गोल कोरून त्याच्या मापाचा नवा दट्ट्या करावयाचा. एखादा ओतीव भाग फुटलाच असेल तर प्रथम त्याचा लांकडी नमुना करावा लागतो, आणि तो मूळ भागाहून किंचित् मोठा, कारण ओतलेलें लोखंड थंड होतांना आकसतें. भरीव रबराच्या धावा दाबयंत्रानें चाकांवर चढवाव्या लागतात. तें मात्र घरीं होत नाहीं. हें सारें कष्टाचें असलें तरी चुकलें तर पुन्हां करतां येतें.

बॉयलरची गोष्ट वेगळी. ह्या गाड्यांत वाफेचा दाब चौरस इंचास २०० पौंड किंवा त्याहून अधिक असतो. साधा हिशेब करा. एका चौरस फुटांत १४४ चौरस इंच. म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस फुटावर २८,८०० पौंड, जवळजवळ १३ टन भार! एवढ्या दाबाखालीं पाणी सुमारें १९८ अंश सेंटिग्रेडला उकळतें. पत्रा फाटला कीं दाब एकदम उतरतो, आणि त्या अतितप्त पाण्याचा मोठा अंश क्षणांत वाफ होऊन शेंकडों पट फुगतो. शेजाऱ्याच्या भिंतीला त्याच्याशीं कांहीं कर्तव्य नसतें, तरी ती पडते. कलकत्त्यास १८६३ सालीं झालेल्या अशाच एका स्फोटानंतर १८६४ सालीं बंगालमध्यें बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. सबंध देशासाठीं कायदा होण्यास १९२३ साल उजाडलें.

म्हणून घरच्या कारखान्याचा मालक कितीही हुशार असला तरी बॉयलरपाशीं त्याची सत्ता संपते. तेथें विम्याकडचा तपासनीस येतो. प्रथम बॉयलर रिकामा व उघडा ठेवावा लागतो. तपासनीस हातोडीनें ठोकून आवाज ऐकतो, आणि आतां ध्वनिलहरींच्या यंत्रानें पत्र्याची जाडीही मोजतां येते. पत्रा बहुधा खालच्या बाजूस, भट्टीच्या कडेला गाळ सांचतो तेथें, झिजलेला असतो. दुरुस्तीनंतर बॉयलर थंड पाण्यानें कांठोकांठ भरून नेहमीच्या दाबाच्या सुमारें दीडपट दाब देतात. पाणीच कां? पाणी दाबानें फारसें आकसत नाहीं. म्हणून सांधा उलला तर चार थेंब गळतात आणि दाब उतरतो, स्फोट होत नाहीं. भट्टीच्या छतांत मऊ शिशाची एक डाट बसविलेली असते. पाणी कमी पडून छत उघडें पडलें कीं ती वितळते, आणि वाफ व पाणी आगीवर येऊन आगवाल्यास बजावतें.

येथेंच तो जुना प्रश्न उभा राहतो. मालकानें दहा वर्षें जपलेल्या गाडीचा बॉयलर तपासनीसानें नापास केला तर काय करावें? नवा घालावा, तर गाडीचा सर्वांत मोठा मूळ भाग गेला. जुनाच ठेवावा, तर गाडी पुन्हां कधींही चालणार नाहीं, ती वस्तुसंग्रहालयांत उभी राहील. सांठा नवा, धावा नव्या, नळ्या नव्या आणि बॉयलरही नवा. मग १९२० ची म्हणून आपण दाखवितों तें नेमकें काय? केवळ एका नामपट्टीभोंवतीं सबंध गाडी नवी उभारण्याचा मोह ह्या छंदांत नाहीं असें नाहीं.

माझें मत सांगतों. वेरूळचें घृष्णेश्वराचें देऊळ अहल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत नव्यानें बांधविलें, आणि तें त्यांनीं बांधविलें हें आपण उघडपणें सांगतों. देवळाचें महत्त्व त्यानें उणें झालें नाहीं. गाडीचेंही तसेंच. बॉयलर बदलावा लागला तर खुशाल बदलावा. जिवाचा प्रश्न आला कीं जुन्याचा हट्ट नको. आणि बॉयलरच्या बाबतींत लपवाछपवीला वावच नाहीं, कारण करणाऱ्याचें नांव, सन व जास्तींत जास्त दाब त्याच्यावर नोंदलेला असावाच लागतो. लबाडी होते ती इतर भागांत. रंगाचा हात फिरला कीं नवी तुळई जुन्या तुळईसारखी दिसते. प्रत्येक नव्या भागावर न दिसेल अशा ठिकाणीं सन कोरावा, आणि मोडलेला मूळ तुकडा टाकून न देतां चिठ्ठीसह ठेवावा. पुढें दुरुस्तीस बसणाऱ्या माणसाला त्यावरून माप तरी घेतां येईल. आणखी एक. पितळ आरशासारखें घासून गाडीला नवरीसारखी नटविण्याची हौस मला रुचत नाहीं. ती गाडी पीठ, कोळसा, विटा वाहत होती; तिच्या अंगावर थोडी काजळी शोभते.

ह्या मंडळींना सध्यां एक निराळाच घोर लागला आहे. वेल्समधील कोळसा धूर कमी करणारा आणि वाफेला उत्तम. तो ज्या मोठ्या खाणींतून येई ती मर्थर टिडफिलजवळची फॉस-इ-फ्रान खाण २०२३ च्या नोव्हेंबरांत बंद झाली. परदेशी कोळसा आणवावा, किंवा भुकटी दाबून केलेले अंड्याच्या आकाराचे गोळे जाळून पाहावेत, असे प्रयोग चालू आहेत. प्रत्येक जळणाची तऱ्हा वेगळी. आगवाल्याला भट्टीची संवय पुन्हां पहिल्यापासून करावी लागते.

आणि मग वाफ चढविण्याचा पहिला दिवस येतो. लांकडाचा मंद जाळ करून अनेक तास बॉयलर सावकाश तापवितात. घाई केली तर पत्रे कमीजास्त प्रसरण पावून सांधे गळूं लागतात. कांटा चढतो. ठरल्या दाबाला सुरक्षा-झडप आपोआप उघडते कीं नाहीं, आणि वाफ कितीही जोरानें केली तरी ती झडप दाब आंवरून धरते कीं नाहीं, हें तपासनीस घड्याळ हातांत घेऊन पाहतो. पाण्याची कांच तो स्वतः उघडझांप करून पाहतो. मग कागदावर सही करून निघून जातो. गाडी शेडबाहेर येते ती बहुधा संध्याकाळच्या सुमारास, आणि इतक्या हलक्या आवाजानें, कीं शेजाऱ्यांना ती दारांत आल्याचें प्रथम कळतें तें वाफेच्या वासानें. त्या रात्रीं जाळ आपोआप विझूं देतात, पाणी सोडीत नाहींत. दुसऱ्या दिवशीं राख काढावयाची, नळ्यांतून ब्रश फिरवावयाचा, आणि कोठला सांधा रात्रीं ओला झाला तें खडूनें खूण करून ठेवावयाचें.