विद्यापीठांच्या हद्दी आणि विषयांची मंडळे



मराठवाड्याच्या शेतीसाठी परभणी येथे 18 मे 1972 रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि राहुरी, अकोला व दापोली यांच्यासह राज्याचे कृषिशिक्षण चार विद्यापीठांच्या प्रादेशिक हद्दींत विभागले गेले. स्थानिक जमीन, पाऊस आणि पिके यांचा अभ्यास जवळून व्हावा, हा या विभागणीमागचा हेतू रास्त होता. केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ ही भेंडी देशभर गेली, हे त्या हेतूचेच फळ होय. मात्र अभ्यासाचा विषय हद्द पाहून वाढत नाही. मानवत-पाथरीच्या शिवारातील गुलाबी बोंडअळी आणि विदर्भातील बोंडअळी एकच असली, तरी तिचा अभ्यास करणारे दोन प्राध्यापक दोन विद्यापीठांच्या दोन विभागांत बसतात आणि चार विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीसारखे वार्षिक प्रसंग सोडले, तर एकमेकांची निरीक्षणे त्यांना उशिराच कळतात.

या अंतरावरचा उपाय म्हणजे विषयाभोवती उभे राहिलेले ऑनलाइन अध्ययनमंडळ. ज्याचे सदस्यत्व कोणत्याही संस्थेच्या हजेरीपटावरून ठरत नाही, तर एखाद्या विषयाच्या अभ्यासावरून ठरते, आणि जेथे उत्तराचे मोल देणाऱ्याच्या पदावर नव्हे तर त्याने दिलेल्या पुराव्यावर अवलंबून असते, असा समूह येथे अभिप्रेत आहे. ही रीत अगदी नवी नाही. 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे काम दूरदूरच्या वनाधिकाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी टपालाने धाडलेल्या नोंदींवर व नमुन्यांवर वाढले. 2009 मध्ये टिमोथी गॉवर्स या गणितज्ञाने एक अवघड प्रश्न सर्वांसाठी खुला मांडला, तेव्हा निरनिराळ्या देशांतील गणितींनी तो काही आठवड्यांत मिळून सोडवला आणि शोधनिबंध एका सामूहिक नावाने प्रसिद्ध झाला. टपालाने ज्याला महिने लागत ते आता क्षणांत होते, एवढाच फरक. शिस्त मात्र तीच लागते.

ही शिस्त कशी असावी, हे कापसाच्या एका फुलावरून पाहता येईल. पाकळ्या उमलण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहिलेले, गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे फूल म्हणजे डोमकळी. ती तोडून उघडली की आत बोंडअळी सापडते. 2017 च्या हंगामात या अळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे फार मोठे नुकसान केले. त्यानंतर कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाचे आमिष दाखवून नर पतंग पकडणारे साधन, आणि आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च ज्या टप्प्यावर परवडतो ती कीडसंख्या, हे शब्द गावोगावच्या बोलण्यात आले. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री 8 पतंग, ही ती पातळी आहे. आता एखाद्या विद्यार्थ्याने डोमकळीचे छायाचित्र समूहात टाकले आणि गाव, पेरणीची तारीख, वाण व सापळ्यातील पतंगांची संख्या दिली नाही, तर त्यावर मिळणारे उत्तर कितीही तत्पर असले तरी ते अंदाजापलीकडे जात नाही. चार ओळींची ही माहिती जोडली, की तेच छायाचित्र अभ्याससाधन ठरते आणि अकोल्याचा कीटकशास्त्रज्ञ परभणीच्या शेतावर मत देऊ शकतो.

सामूहिक नोंदींचे सामर्थ्य महाराष्ट्राने पूर्वीही अनुभवले आहे. 2008 च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉपसॅप’ हा पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात गावातल्या नोंदी संगणकावरून तज्ज्ञांपर्यंत जातात आणि सल्ला परत शेतकऱ्यापर्यंत येतो. हे काम मोलाचेच आहे. तथापि, त्याची मूळ रचना नोंद वर जाण्याची आणि सल्ला खाली येण्याची आहे. सेलूचा सर्वेक्षक आणि यवतमाळचा सर्वेक्षक यांनी आपसांत वाद घालावा, कीड ओळखण्यातील एकमेकांची चूक दुरुस्त करावी, हे काम अशा रचनेवर सोपवता येत नाही. 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यावर पोहोचली, तेव्हा डोक्यावरील उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीजवळचे चौकोनात मांडलेले चार ठिपके ओळखणारी नजर प्रत्येक तालुक्यात तातडीने हवी होती. अशी नजर आडव्या संवादातूनच पसरते.

आज हा आडवा संवाद व्हॉट्सअॅपवर होतोच, पण तेथे गेल्या आषाढात दिलेले नेमके उत्तर या आषाढात सापडत नाही, चुकीची दुरुस्ती वेगळी नोंदली जात नाही आणि कीटकनाशकाच्या विक्रेत्याचा आग्रह व अभ्यासकाचा सल्ला एकाच रांगेत येऊन बसतात. उत्तरे विषयवार साठवणे आणि विक्रीशी संबंध असणाऱ्याने तो उघड सांगणे, या दोन अटींवाचून मंडळाला अध्ययनमंडळ म्हणणे कठीण आहे.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आल्यानंतर नव्या नोंदींसाठी विषयनिहाय ज्ञानमंडळे नेमण्यात आली. विषयाचा संसार संस्थांच्या भिंतींपलीकडे मराठीतून मांडता येतो, याचा तो जवळचा दाखला आहे. अशा मंडळाची गरज असलेला ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापक कित्येकदा आपल्या विषयाचा तेथील एकटाच शिक्षक असतो. शंका कोणाला विचारावी हा त्याचा प्रश्न ग्रंथालयाने सुटत नाही, आणि त्याची ही एकाकी अवस्था शिक्षणव्यवस्थेने फार काळ गृहीत धरली आहे, याची खंत या व्यासपीठावरून स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते.

म्हणून चारही कृषी विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागांनी येत्या खरिपापासून केवळ कापसावरील बोंडअळी या एका विषयाचे खुले मंडळ सुरू करावे, त्यात पदव्युत्तर विद्यार्थी, सर्वेक्षक आणि नोंद ठेवणारे शेतकरी यांना समान प्रवेश द्यावा, प्रत्येक विद्यापीठाच्या एका अभ्यासकाकडे आळीपाळीने एक महिना उत्तरे तपासण्याचे काम सोपवावे आणि हे काम त्याच्या सेवापुस्तकात अध्यापनाचे तास म्हणून धरावे, असा ठराव या परिषदेसमोर चर्चेसाठी मांडण्यात येत आहे.