रहस्यकथाकार संमेलनास जातो तेव्हां



बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई हें गांव मराठी वाचकाला नवें नाहीं. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधि तेथें आहे, दासोपंतांनीं आपली प्रचंड ग्रंथरचना केली तीहि तेथेंच. ह्या गांवीं १९८३ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें आणि व्यंकटेश माडगूळकर त्याचे अध्यक्ष झाले. माणदेशच्या मेंढपाळांची कथा सांगणारा, पुणें आकाशवाणीवर अनेक वर्षें ग्रामीण श्रोत्यांसाठीं काम केलेला लेखक त्या व्यासपीठावर बसला, हें उचितच झालें. एके काळीं ओसरीवर थांबलेली ग्रामीण कथा अशा रीतीनें माजघरांत आली. परंतु साहित्याच्या घरीं अजून एक पाहुणा असा आहे, कीं त्याला सारें घर ओळखतें, मुलें त्याची वाट पाहतात, आणि पंक्तीचें पान मांडतांना मात्र त्याचा विसर पडतो. तो पाहुणा म्हणजे रहस्यकथेचा लेखक.

हा लेखक संमेलनास जातो तेव्हां काय होतें? मांडवांत परिसंवाद चालू असतात. काव्य, नाटक, आत्मचरित्र, समीक्षा यांवर वक्ते बोलतात. रहस्यकथेचें नांव निघालेंच तर ‘लोकप्रिय वाङ्मय’ ह्या सदराखालीं ओझरतें निघतें. हा गृहस्थ मागच्या खुर्चीवर बसून ऐकतो आणि मध्यंतरांत ग्रंथप्रदर्शनाकडे वळतो. तेथें मात्र एखादा वाचक त्याला हटकून सांगतो, “तुमचा खुनी आम्हीं निम्म्या पुस्तकांतच ओळखला होता!” अध्यक्षीय भाषणापेक्षां हें एक वाक्य त्या लेखकाला अधिक कांहीं शिकवून जातें.

ह्याचें कारण त्याच्या धंद्यांतच आहे. कवि आपली कविता अर्धी लिहून मित्राला वाचून दाखवितो. कादंबरीकार पत्नीशीं नायिकेच्या स्वभावाची चर्चा करतो. रहस्यकथाकाराला ही सोय नाहीं. ज्याला त्यानें उत्तर सांगितलें, तो त्या कथेपुरता वाचक म्हणून निकामी झाला. म्हणून इतर कोणत्याहि लेखकापेक्षां ह्यालाच समव्यवसायी मंडळींच्या सहवासाची गरज अधिक, आणि आपल्याकडे नेमका हाच त्या सहवासाला मुकला.

इतर देशांत ही उणीव कशी भरून काढली गेली, तें पाहण्यासारखें आहे. लंडनमध्यें १९३० सालीं रहस्यकथाकारांनीं ‘डिटेक्शन क्लब’ नांवाचें मंडळ स्थापन केलें. जी. के. चेस्टरटन हे त्याचे पहिले अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती आणि डॉरथी सेयर्स ह्या सदस्यांपैकीं होत्या. नव्या सदस्याला एका कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. तींतला विनोदाचा भाग सोडला, तर आशय गंभीर होता: आपला गुप्तहेर दैवी साक्षात्कारानें किंवा योगायोगानें गुन्हेगार शोधणार नाहीं, आणि महत्त्वाचा पुरावा वाचकापासून लपविला जाणार नाहीं. १९३१ सालीं ह्या मंडळींनीं ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी मिळून लिहिली. एकानें एक प्रकरण लिहावें, पुढच्यानें मागील प्रकरणांतले सारे धागे प्रामाणिकपणें हातीं घ्यावेत आणि आपल्या मनांतलें उत्तरहि लिहून द्यावें, असा नियम होता. ज्याला उत्तर ठाऊक नाहीं त्यानें प्रश्न घालूं नये, ही शिस्त त्यांनीं स्वतःला लावून घेतली.

अमेरिकेंत हा मेळा अधिक मोकळा झाला. अँथनी बाउचर हा रहस्यकथेचा नामांकित टीकाकार व लेखक १९६८ सालीं वारला. त्याच्या स्मरणार्थ १९७० सालीं कॅलिफोर्नियांतील सँटा मोनिका येथें ‘बाउचरकॉन’ हें संमेलन भरलें आणि पुढें त्याची परंपरा पडली. तेथें लेखक आणि वाचक एकाच सभागृहांत बसतात. ज्याला फसवावयाचें आणि ज्याच्याशीं प्रामाणिकहि राहावयाचें, तो वाचक समोर दिसला म्हणजे लेखकाला आपलें कर्तव्य विसरतां येत नाहीं.

आतां मराठीकडे वळूं. आपल्याकडे ही परंपरा कोवळी नाहीं. रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या कथांना गो. ना. दातारशास्त्री यांनीं ‘कालिकामूर्ति’, ‘अधःपात’ अशा कादंबऱ्यांतून मराठी वेष दिला. त्यांच्यानंतर बाबूराव अर्नाळकर आले. त्यांचें मूळ नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक मराठी मुलांच्या पिढ्यांनीं पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचले. १९९६ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांच्या नांवावर एक हजाराहून अधिक कादंबऱ्या होत्या. पुढें अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकानें गूढ आणि अद्भुत कथांना घर दिलें. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनीं भयाचा आणि गूढाचा प्रांत वाढविला.

येथें एक गोष्ट निःपक्षपातीपणें मान्य केली पाहिजे. समीक्षकांनीं रहस्यकथेकडे पाठ फिरविली तिला केवळ अहंकार कारण नव्हता. पुष्कळ कथांत ऐन वेळीं जुळा भाऊ प्रकट होई, मुखवटा गळून पडे, किंवा आधीं कधींहि न दिसलेली किल्ली नायकाच्या खिशांत सांपडे. वाचकाशीं केलेला हा करारभंगच होय. परंतु लेखक एकटा, मागणी अफाट, मोबदला बेताचा, आणि चूक दाखविणारें कोणी नाहीं, अशा स्थितींत दुसरें काय घडणार? दोष दाखविण्यासाठींसुद्धां त्या माणसाला आधीं जवळ बसवावें लागतें.

आणि बसविल्यास तो काय देऊं शकेल? ह्याचें उत्तर बीड जिल्ह्यांतच मिळतें. दसरा-दिवाळी आली, कीं ह्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम आधीं ‘उचल’ देतो; मग हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची. नवरा-बायकोच्या जोडीला त्या हिशेबांत ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जिवंत माणसें वहींत एक म्हणून नोंदलीं जातात. मागें गांवांत कुलुपें लावलेलीं घरें, म्हातारीं माणसें आणि कांहीं मुलें राहतात. अशा गांवीं एखादी स्त्री हंगामाहून परत आली नाहीं, तर ती कोठें गेली, हें कोण विचारील? वहीप्रमाणें कोयता एकच. मग दोघांतलें एक माणूस हरवल्याचें वहीला कळणार कसें? येथें गुन्हा शोधण्यासाठीं पिस्तुलाची वा भुयाराची गरज नाहीं. वहीचें एक पान आणि ओळींतला एक आंकडा पुरेसा आहे. असें रहस्य लंडनच्या गुप्तहेराला उलगडणार नाहीं. तें त्या मातींत वाढलेल्या लेखकालाच उलगडेल. आणि तें प्रामाणिकपणें उलगडलें, तर वाचक शेवटचें पान मिटल्यावर खुनी कोण एवढ्यावर थांबणार नाहीं. ती वही कोणी लिहिली, असेंहि तो विचारील.

आशेला जागा आहे. विज्ञानकथा हीहि एके काळीं मुलांची करमणूक समजली जात असे. पण २०२१ सालीं नाशिकच्या साहित्य संमेलनासाठीं जयंत नारळीकर यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. रहस्यकथेच्या वाट्याला तें आसन आलें नाहीं म्हणून आक्रोश करण्याचें कारण नाहीं. एका परिसंवादाची, दोन तासांची आणि जाणत्या टीकाकाराची मागणी पुरे आहे. लेखक वाचकांसमोर बसावेत, एखादी कथा पुराव्यानिशीं तपासली जावी, आणि कोठें फसवणूक झाली तें तोंडावर सांगितलें जावें.

त्याहून तांतडीचें काम जुन्या पुस्तकांचें आहे. स्वस्त कागदावर छापलेलीं, वाचनालयांतून हातोहात फिरलेलीं तीं पुस्तकें वाचून वाचूनच फाटलीं. जीं उरलीं तीं रद्दीच्या दुकानांत आणि माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत. अनेक सुशिक्षित घरांतून अशी एखादी ट्रंक निघेल. ती रिकामी करण्यापूर्वीं तिच्यांतलें एकेक पुस्तक पाहावें, नांव व साल टिपून घ्यावें आणि जवळच्या ग्रंथालयाला विचारावें.

अंबाजोगाईंत दासोपंतांची ‘पासोडी’ आहे. पंचीकरणाचा विषय त्यांनीं लांबलचक कापडावर लिहिला. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. म्हणजे तें कापड चारशें वर्षें टिकलें. कापड कागदाहून चिवट खरें, पण तें टिकलें तें कोणीतरी घडी घालून जपलें म्हणून. झुंजार आणि काळा पहाड यांची योग्यता दासोपंतांची नव्हे, हें कोणीहि सांगेल. परंतु आपल्या आजोबांनीं दिव्याखालीं चोरून काय वाचलें, हें नातवाला कळावें इतका अधिकार त्या फाटक्या पुस्तकांनाहि आहे.