मिरचीचा ठसका आणि छातीतला निरोप

आज आपल्या नंदुरबारच्या मिरचीबद्दल बोलूया. भावाबद्दल नाही, ठसक्याबद्दल.

हिवाळ्यात नंदुरबार शहराच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या बघितल्या असतील. ओली लाल मिरची उघड्यावर वाळत घातलेली, आणि तोंडाला ओढणी नाहीतर रुमाल बांधून ती पसरवणाऱ्या, निवडणाऱ्या बाया. आपण बाइकवरून नुसते बाजूने गेलो तरी ठसका लागतो, नाक वाहायला लागतं. असं का होतं?

मिरचीत कॅप्सायसिन असतं. आपल्या नाकात, घशात, श्वासनळीत नसांची टोकं असतात आणि त्यांवर टीआरपीव्ही-वन नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम चटका देणारी उष्णता ओळखणं. कॅप्सायसिन त्याला चिकटलं की नसेला वाटतं, इथे भाजतंय! डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखलं. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, तो याच कामासाठी.

आता पुढे काय होतं? निरोप मेंदूकडे जातो. उलट निरोप व्हेगस नावाच्या नसेतून छातीत येतो. तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं आणि ते श्वासनळीतल्या ग्रंथींना सांगतं, कफ सोडा! नळीही थोडी आवळते.

हा कफ चिकट असतो, म्हणून धूळ त्यात अडकते. श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसांपेक्षाही बारीक तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि कफ वर घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळतो. पेशींना धक्का बसला की त्या एटीपी नावाचं रसायन बाहेर सोडतात, आणि सिलिया आणखी जोरात हलतात. म्हणजे कफ ही घाण नाही, तो शरीराचा झाडू आहे.

पण हाच निरोप रोज, दिवसभर येत राहिला तर? त्यात घरी चुलीचा धूर, कुणाची बिडी. धुराने सिलिया मंदावतात, मरतातही. सूज वाढते, कफ बनवणाऱ्या पेशी वाढतात, कफ घट्ट होतो. कचरा वाढला आणि झाडणारे हात कमी झाले, असं समजा.

खरा धोका इथेच आहे. आपण म्हणतो, ‘मिरचीचा खोकला आहे, सीझन संपला की जाईल.’ या एका वाक्यामागे दमा लपतो, टीबीही लपतो. म्हणून लक्षात ठेवा: खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यायचा. ही तपासणी मोफत असते. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, धाप लागणं, यातलं काही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही.

आणि रुमालाबद्दल. साधा रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक नाही. एन-९५ मास्क नीट घट्ट बसवला तर जास्त उपयोगी.

तुमच्या घरातलं, पाड्यावरचं कुणी पथारीवर कामाला जातं का? आज जेवताना त्यांना एवढंच विचारा, ‘खोकला किती दिवसांचा आहे?’

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!