देवीपुढे हात जोडता, घरधनिणीचं का ऐकत नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आम्ही कर्जत-खालापूरकडची माणसं. आमच्याकडे भात, तुमच्याकडे कापूस-ज्वारी. आमचं पीक पाण्याने कुजतं, तुमचं पाण्यावाचून करपतं. पण बाईच्या पाठीवरचे वळ दोन्हीकडे सारखेच. आज भावाचं बोलणार नाही, त्या वळांचं बोलणार आहोत.

आमच्या वाड्यांवर मार खाल्लेली बाई आधी पोलिसांत जात नाही, देवाकडे जाते. शुक्रवार धरते, चतुर्थीला महडच्या वरदविनायकाला जाते, घाट चढून कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलते. शिकलेली मंडळी हसतात. आम्ही हसत नाही. जिला घरात कोणी 'कशी आहेस' म्हणून विचारत नाही, तिला देवळाच्या पायरीवर घटकाभर टेकता येतं. भजनात चार बायका भेटतात. डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी कारण विचारत नाही. एवढ्या आधारावर कित्येक जणी जिवंत राहिल्या आहेत.

पण हीच श्रद्धा उलटी फिरते तेव्हा काय होतं? 'मागच्या जन्मीचं पाप फेड,' 'नवरा म्हणजे देव,' असं तिला ऐकवलं जातं. मारणारा एक, आणि अपराधी तीच! देवच आपल्याला शिक्षा करतोय असं एकदा मनात बसलं, की झोप उडते, छाती धडधडते, विहिरीकडे पाय वळतात.

मग कधी तिच्या अंगात येतं. नीट बघा, काय घडतं ते. काल जिच्या थोबाडीत मारली, तिच्यापुढे आज नवरा हात जोडून उभा असतो. सासू ओटी भरते. ती घुमत घुमत जे बोलते, ते सगळं घर ऐकतं. ती ढोंग करते असं आम्ही म्हणत नाही. बाई म्हणून जे बोलायची सोय नाही, ते देवी म्हणून बोलता येतं. वारं उतरलं, की पुन्हा तीच चूल आणि तीच लाथ.

काही ठिकाणी पुढे भगत येतो. भूत काढायचं म्हणून बांधतो, मिरचीची धुरी देतो, छडीने मारतो. घरच्या मारावर बाहेरचा मार! महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कीर्तन, भजन, यात्रा यांना तो कायदा हात लावत नाही, हेही गावात सांगा. उगाच 'धर्म बुडाला' अशी आवई उठते.

संत बहिणाबाई तुमच्या मराठवाड्यातल्या. जन्म देवगावचा, समाधी शिऊरची. काळ सतराव्या शतकाचा. वय अकराच्या आसपास. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला वासरू घेऊन गेली, स्वामींनी डोक्यावर हात ठेवला, एवढ्यावरून नवऱ्याने केस धरून बडवली आणि बांधून घातली. पुढे वासरू मेलं, ती बेशुद्ध पडली, आणि स्वप्नात तिला तुकोबा दिसले. हे सारं तिने स्वतःच्या अभंगांतून सांगून ठेवलं. भक्तीने तिला शब्द दिले, म्हणून तो मार आज आपल्याला ठाऊक आहे. पण तिचा हात धरायला कोणी मधे पडलं का? गाव तेव्हाही बघतच होतं.

आमचं म्हणणं थोडक्यात आहे. बाईचा देव काढून घेऊ नका. भजनी मंडळातल्या बायांनीच वळ दिसले की विचारावं, रात्रीपुरती जागा द्यावी, सोबत तालुक्याला जावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला राहत्या घरातून हाकलता येत नाही, मग घर कोणाच्याही नावावर असो. महिलांसाठी १८१ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६, हे दोन्ही फोन फुकट आहेत. देवळाच्या भिंतीवर आरतीच्या वेळेखाली हे आकडे रंगवून घ्या. रंगाचा डबा आम्ही सोबत आणला आहे. बैठक उठली की कोणत्या गावाला हवा ते सांगा.