उचल आणि जमा



एकच पोथी दोघांनीं एकाच वेळीं दुरुस्त करावयास घेतली तर काय होईल? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें: तसें घडूंच शकत नसे. पोथी ज्याच्या हातीं, लेखणीही त्याचीच. चित्रपटाच्या फितीचीही हीच गोष्ट. कोल्हापूर येथें १९२९ सालीं स्थापन झालेली व १९३३ सालीं पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी घ्या, किंवा त्या काळची दुसरी कोणतीही चित्रसंस्था घ्या. संकलक कात्रीनें फीत कापी, तुकडे जोडी आणि रीळ सिद्ध करी. तें रीळ एकाच्या मेजावर असलें म्हणजे दुसऱ्याच्या मेजावर नसे. वस्तूचें एकटेपण हेंच तिचें कुलूप होतें.

संगणकानें हें कुलूप काढून टाकलें. आज संकलन करणारा फीत कापीत नाहीं. चित्रीकरणाचे मूळ तुकडे जसेच्या तसे एका सामायिक भांडारांत राहतात, आणि कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत व कोणत्या क्रमानें दाखवावयाचा, एवढ्या सूचना एका प्रोजेक्ट फाईलींत लिहिल्या जातात. मूळ तुकडे दहा जणांनीं एकदम पाहिले तरी बिघडत नाहीं. कारण त्यांत कोणी फेरफार करीत नाहीं. फेरफार होतो तो सूचनांच्या त्या लहानशा फाईलींत, आणि खरा धोका तेथेंच आहे.

समजा, दोन संकलकांनीं सकाळीं दहा वाजतां एकच फाईल आपापल्या यंत्रावर उघडली. एकानें मुलाखतीचा भाग नीट बसविला व एक वाजतां फाईल जतन केली. दुसऱ्यानें शेवटचा प्रसंग सुधारला व दोन वाजतां जतन केली. दुसऱ्याच्या फाईलींत मुलाखत सकाळीं दहाची होती, तशीच आहे. तिनें पहिल्याची फाईल पुसून तिची जागा घेतली. तीन तासांची मेहनत गेली. यंत्रानें तक्रार केली नाहीं, कीं कोठें घंटा वाजली नाहीं. कित्येकदां हें नुकसान ध्यानांत येतें तें चित्र दाखविण्याच्या वेळीं.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींस ही अडचण फार पूर्वींच जाणवली होती. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ च्या सुमारास जी प्रणाली रचिली, तिच्यांत फाईल दुरुस्तीसाठीं उचलावयाची व काम झाल्यावर जमा करावयाची, असा ग्रंथालयासारखा शिरस्ता होता. पुढें २००५ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं केलेली गिट ही प्रणाली सर्वांस एकदम लिहूं देते व मागाहून ओळीस ओळ ताडून सर्वांचें काम एकत्र करते.

मग चित्राच्या कामांत हीच सोय कां करूं नये? कारण लेखाची दहावी ओळ बदलली तरी शंभराव्या ओळीचा मजकूर तोच राहतो. चित्राचें तसें नाहीं. सेकंदास २५ चौकटी या हिशेबानें आरंभीं दोन सेकंदांचा तुकडा घातला, तर त्यापुढील सर्व चित्र ५० चौकटी सरकतें. संगीत व ध्वनि त्याबरोबर हलले नाहींत, तर ओठ एक बोलतात आणि कान दुसरेंच ऐकतात. अशीं दोन संकलनें यंत्रानें आपल्या बुद्धीनें जुळवावीं, हें भरंवशाचें काम नव्हे. म्हणून येथें उचल-जमेचीच रीति टिकली.

अ‍ॅपल कंपनीच्या फायनल कट सर्व्हर या प्रणालींत हाच नियम होता. ती २००८ सालीं बाजारांत आली व २०११ सालीं बंद झाली. संकलकानें फाईल उचलली कीं भांडारांतील प्रतीवर कुलूप पडे. इतरांस ती पाहतां येई, बदलतां येत नसे. जमा होतांच कुलूप उघडे. अ‍ॅव्हिड या प्रणालींत चित्राची सामग्री लहान लहान कप्प्यांत ठेवितात. त्यांस बिन म्हणतात. ज्याच्याकडे लेखनाचा अधिकार त्यास हिरवी खूण दिसते, इतरांस तांबडें कुलूप. यांतील युक्ति आपल्या पोथीचीच आहे. पोथीचीं पानें सुटीं असतात. पांचवें पान एकानें घेतलें तरी दहावें दुसऱ्यास मिळूं शकतें. कुलूप जितकें लहान, तितका इतरांचा खोळंबा कमी.

खोळंबा होतो म्हणून कुलूपच नको, असें म्हणणारेही आहेत. पण खोळंबा डोळ्यांस दिसतो. ज्याचें काम अडलें तो जाऊन विचारूं शकतो. पुसलें गेलेलें काम दिसत नाहीं, आणि जें गेलें हें ठाऊकच नाहीं, तें मागणार तरी कोणाकडे?

कुलपाची खरी कसोटी मात्र जमेच्या वेळीं लागते. फाईल उचलून सुटीवर जाणारा मनुष्य साऱ्या मंडळींस अडवून ठेवतो. मग कोणी अधीर होऊन कुलूप तोडतो, आणि सुटीवर गेलेला परत येऊन आपली जुनी प्रत जमा करतो. पुन्हां तोच अनर्थ! यासाठीं चार नियम पाळावे. लागेल तेवढाच भाग उचलावा. दिवस संपण्यापूर्वीं जमा करावा. जमा करतांना काय बदललें तें दोन ओळींत लिहावें. आणि जुनी प्रत न पुसतां नवी तिच्या शेजारीं ठेवावी, म्हणजे चूक झाली तरी मागें जातां येतें. कुलूप तोडण्याचा अधिकार एकाकडेच असावा, व त्यानेंही आधीं उचलणाऱ्यास विचारावें.

यंत्र उचल नोंदवील, कुलूपही घालील. परंतु भांडाराबाहेर गुपचूप प्रत करून तिच्यावर काम करणाऱ्यास कोणतेंही कुलूप अडवीत नाहीं. आपल्याआधीं या फाईलीवर कोणी राबला आहे आणि आपल्यामागून कोणी राबणार आहे, एवढी जाणीव ज्याच्या मनांत आहे, त्याच्याच हातीं सामायिक काम सुरक्षित राहतें.