एका पत्राचे सामर्थ्य : श्रमिकांवरील अन्याय आणि नागरिकांची वाचा

(नवी दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जागतिक अन्याय व विषमता यांवर निबंध लिहावयास सांगितला, की आपली लेखणी प्रथम जिनिव्हा आणि न्यूयॉर्ककडे वळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. हा आकडा आपल्या उत्तरात अवश्य असावा. परंतु आकडा इतका मोठा झाला, की त्यात दोषी कोणीच दिसत नाही आणि उपाय करणाराही दिसत नाही. म्हणून आज मी आपणास ज्या शहरात आपण सध्या राहता, त्या दिल्लीतील आणि तिच्या वेशीवरील दोन पत्रांची हकीकत सांगणार आहे. अन्यायाविरुद्ध बोलणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे त्यांतून जितके कळते तितके कोणत्याही जाहीरनाम्यातून कळत नाही.

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. त्यासाठी उड्डाणपूल, क्रीडांगणे, जलतरण तलाव, हॉटेले व खेळाडूंची वसाहत यांची कामे अल्पावधीत उभी करावयाची होती. कामे शासकीय यंत्रणांची. यंत्रणांनी ती कंत्राटदारांना दिली. कंत्राटदारांनी जमादारांमार्फत राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा या राज्यांतून मजूर आणविले. त्या वेळी दिल्लीत किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार ही रक्कम जमादाराच्या हाती देई आणि जमादार प्रत्येक मजुरामागे रोज १ रुपया आपली दलाली म्हणून कापून घेई. मजुराच्या हाती पडत ८ रुपये २५ पैसे. स्त्रियांना तर ७ रुपयेच दिले जातात, अशी तक्रार होती. चौदा वर्षांखालील मुलेही कामावर होती.

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांना या कामांच्या ठिकाणी पाठविले. त्यांनी पाहणी करून अहवाल तयार केला. त्या अहवालाच्या आधारे संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले. हे पत्र म्हणजेच याचिका, असे न्यायालयाने मानले. निकालाची वाट न पाहता मे १९८२ मध्येच प्रत्यक्ष स्थळी जाऊन नियमितपणे अहवाल देण्यासाठी तीन निरीक्षक नेमण्यात आले. १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्यायमूर्ती भगवती व न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांनी निकाल दिला. या निकालाचे नाव आपल्या टिपणवहीत निश्चितच असेल. त्यातील युक्तिवाद मात्र बहुधा नसेल.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मानवी अपव्यापार, वेठबिगार व तत्सम सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे. शासनाच्या बाजूने सकृद्दर्शनी बिनतोड वाटणारा मुद्दा असा, की मजूर स्वखुशीने आले, कोणी त्यांना बांधून आणले नाही आणि थोडे का होईना, वेतन दिले जातेच आहे. मग सक्ती कोठे आहे? न्यायालयाने उत्तर दिले, की सक्ती केवळ दंडुक्याची वा कायद्याची नसते, भुकेचीही असते. पर्याय नसलेला मनुष्य किमान वेतनाहून कमी पैशांत राबतो, तेव्हा तो परिस्थितीच्या बळजबरीखालीच राबत असतो. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे हेही अनुच्छेद २३ चे उल्लंघन होय. हा अनुच्छेद तसेच अनुच्छेद १७ व २४ केवळ शासनाविरुद्ध नव्हे, तर खासगी व्यक्तीविरुद्धही लागू होतात; आणि मजूर कंत्राटदाराचे असल्याने आमचा त्यांच्याशी संबंध नाही, असे मूळ काम करवून घेणाऱ्या यंत्रणेस म्हणता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. बालमजुरीविषयीच्या तत्कालीन कायद्याच्या सूचीत बांधकामाचा उल्लेख नव्हता. तरीही बांधकाम हा धोक्याचा व्यवसाय आहे, असे मानून न्यायालयाने अनुच्छेद २४ थेट लागू केला.

येथे थोडे विषयांतर करतो. वेठ हा आपल्या भाषेतील फार जुना शब्द. त्याचे मूळ संस्कृत ‘विष्टि’. गावगाड्यात वेठ कोणाच्या वाट्याला येई, हे महाराष्ट्रात सांगावयास नको. आज मात्र ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार आपण वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा संपकऱ्यांविषयी वाचतो : त्यांनी प्रवाशांना वेठीस धरले, रुग्णांना वेठीस धरले. ज्याने वेठ भोगली त्याचा शब्द त्याच्यावरच उलटला, हे मला भाषेच्या इतिहासातील एक बोलके उदाहरण वाटते.

दुसरे पत्र २५ फेब्रुवारी १९८२ चे आहे. दिल्लीला लागून असलेल्या हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यात दगडांच्या खाणी होत्या. बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने तेथे पाहणी केली, तेव्हा मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि आपल्या महाराष्ट्रातूनही आलेले मजूर तेथे राबत असल्याचे आढळले; त्यांतील अनेक जण वेठबिगार होते. दगड फोडण्याचा मोबदला उक्त्या दराने मिळे आणि त्यातून जमादाराची दलाली व सुरुंगाच्या दारूचा खर्च वजा होई. डोंगर फोडण्याची दारूही मजुराच्याच पैशांची! पिण्यास नाल्याचे पाणी, राहण्यास दगड रचून वर गवत टाकलेल्या झोपड्या आणि दिवसभर श्वासात खडीची धूळ.

या पत्रालाही याचिका मानून न्यायालयाने दोन वकिलांना आयुक्त म्हणून खाणींवर पाठविले आणि पुढे दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. पटवर्धन यांच्याकडे सामाजिक-कायदेविषयक पाहणी सोपविली. यावर हरियाणा शासनाने काय केले, तर पत्रास याचिका म्हणता येत नाही व आयुक्त नेमण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे प्राथमिक आक्षेप घेतले. १६ डिसेंबर १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी याविषयी आश्चर्य व्यक्त केले आहे. आपल्या राज्यात कोणी वेठबिगार असल्याची तक्रार आल्यास शासनाने चौकशीचे स्वागत करावयास हवे, ती टाळण्यासाठी तांत्रिक हरकती घेऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. आदेश देताना न्यायालय किती बारकाव्यात शिरले, हेही पाहण्यासारखे आहे : खडी फोडण्याच्या यंत्रावर पाण्याचा फवारा सतत पडत राहील अशी व्यवस्था करा, अथवा धूळ शोषून घेणारे यंत्र बसवा, पिण्याचे पाणी स्वच्छ भांड्यांत ठेवा.

या दोन्ही पत्रांना यश आले, ते का? न्यायमूर्ती संवेदनशील होते हे खरेच. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ज्या तरतुदीस संविधानाचा आत्मा मानले, त्या आजच्या अनुच्छेद ३२ चे दार त्या वेळी अधिक रुंद झाले होते. परंतु माझ्या मते पत्रांचे बळ त्यांच्या तपशिलात होते. ‘मजुरांचे शोषण होते’ असे त्यांत मोघम लिहिलेले नव्हते. कोणत्या कामावर, कोणी, किती पैसे कापले, कोणता कायदा मोडला, याची नोंद होती. आणि ज्याला उत्तर देणे भाग आहे, अशाच व्यक्तीच्या नावे ती पाठविलेली होती. सवा नऊ रुपयांतील एक रुपया कोठे गेला, या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही.

मात्र एक उणीव आपण दृष्टीआड करता कामा नये. ही पत्रे मजुरांनी लिहिलेली नव्हती. त्यांच्या वतीने शहरातील सुशिक्षितांनी ती लिहिली. याच्या सुमारे शंभर वर्षे आधी मुंबईत काय घडले, त्याची येथे आठवण होते. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जखमी झाल्यास भरपाई, या मागण्या कामगारांच्या स्वतःच्या होत्या. ‘दीनबंधू’ पत्र लोखंड्यांच्या हाती होते, त्यामुळे त्या मराठीत छापल्या गेल्या व वाचल्या गेल्या. रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडले. सहा वर्षे लागली. पण मागणारे तेथेच होते, उद्याही गिरणीत येणारच होते. दिल्लीचा बांधकाम मजूर काम संपताच दुसऱ्या राज्यात जातो. निकालपत्रावर शाई वाळेपर्यंत त्याची झोपडी मोडलेली असते. आशियाई स्पर्धांचा निकाल लागला, तेव्हा उद्घाटनास अवघे दोन महिने उरले होते, हे ध्यानात घ्या.

म्हणूनच २०१० मध्ये जे घडले त्याने आश्चर्य वाटावयास नको. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. दरम्यान १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता, बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर गोळा होत होता, कल्याण मंडळ स्थापन झाले होते. तरीही त्याच संघटनेला पुन्हा, या वेळी दिल्ली उच्च न्यायालयात, जावे लागले. न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये माजी राजनैतिक अधिकारी अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अण्वस्त्र चाचणीबंदी कराराच्या वाटाघाटींत १९९६ साली जिनिव्हात भारताची बाजू मांडणाऱ्या त्या याच घोष. समितीला किमान वेतनापेक्षा कमी मजुरी, अपुऱ्या सुरक्षेची कामे व अस्वच्छ वस्त्या आढळल्या. अठ्ठावीस वर्षांनी यादी जवळपास तीच! उपकराचे हजारो कोटी रुपये देशभर खर्चाविना पडून असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये तीव्र नापसंती व्यक्त केली, तीही याच मालिकेतील गोष्ट होय.

आता जिनिव्हाकडे जाऊ. कतार देशाला २०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद मिळाले. तेथील मजूर बहुतांशी परदेशी आणि त्यांत भारतीयांचा वाटा फार मोठा. ‘कफाला’ पद्धतीनुसार मालकाच्या अनुमतीविना त्यांना नोकरी बदलता येत नसे, देशही सोडता येत नसे. जून २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेतील कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध तक्रार दाखल केली. आधार दोन करारांचा : सक्तीच्या श्रमाविषयीचा करार क्रमांक २९ आणि श्रम निरीक्षणाविषयीचा करार क्रमांक ८१. या तक्रारीवरील कार्यवाही नोव्हेंबर २०१७ मध्ये संपली, ती कतारने सुधारणांचा कार्यक्रम मान्य केल्यानंतर. पुढे बहुतेक मजुरांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट गेली आणि मार्च २०२१ पासून सर्वांसाठी १००० रियाल किमान मासिक वेतन लागू झाले. अंमलबजावणीविषयीच्या तक्रारी त्यानंतरही राहिल्या. पण दिल्लीतील पत्र आणि जिनिव्हातील तक्रार यांची घडण आपण ताडून पाहावी. दोन्हींत मोडलेला नियम नेमका दाखविला आहे आणि दोन्हींत अखेरचा प्रश्न निरीक्षकाचा, म्हणजे पाहणी कोण करणार याचाच आहे.

नोंदीचा प्रश्नही याला जोडूनच येतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि आनंद विहार बसस्थानकावर गावी परतू पाहणाऱ्या मजुरांची अलोट गर्दी झाली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवण्याचा कायदा १९७९ पासून अस्तित्वात होता. परंतु ही माणसे किती, कोठली, कोणाकडे कामाला, याची विश्वसनीय यादी कोणाजवळच नव्हती. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम संकेतस्थळ सुरू झाले ते २६ ऑगस्ट २०२१ रोजी. मी वर उल्लेखिलेले किमान वेतन, समान वेतन, कंत्राटी कामगार, स्थलांतरित कामगार व बांधकाम कामगार यांविषयीचे कायदे आता श्रम संहितांत विलीन झाले आहेत आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. परीक्षेत जुनी नावे वर्तमानकाळात लिहू नका.

१९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा मात्र स्वतंत्रपणे कायम आहे. त्याची अंमलबजावणी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमणे बंधनकारक आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार मुक्त झालेल्या मजुरास १ लाख ते ३ लाख रुपयांपर्यंत पुनर्वसन साहाय्य मिळू शकते. त्यासाठी हाती मुक्ती प्रमाणपत्र असावे लागते. वीटभट्टीवरून वा खाणीवरून सुटून आलेला मनुष्य कचेरीत येतो, तेव्हा त्याच्याजवळ बहुधा लेखी पुरावा नसतो. मालकाजवळ मात्र हिशेबाची वही असते. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे की हरियाणा शासनाप्रमाणे हरकत शोधावयाची, हे बऱ्याचदा उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर ठरते. आपल्यापैकी काहींची पहिली नेमणूक त्याच टेबलावर होणार आहे.