ड्रोनची हौस आणि गावची शिस्त

(चवथीच्या कार्यक्रमात चोपडे येथे केलेले भाषण)



आम्ही म्हणजे नोकरीधंदा सांभाळून रविवारी ड्रोन उडवणारे चोपडे आणि शेजारच्या गावांतील काही हौशी. आज बोलायचे आहे ते नियमांविषयी, आणि नियमांच्या पलीकडच्या एका गोष्टीविषयी.

घरात ड्रोन येतो कसा? मुलगा परीक्षेत पास झाला म्हणून, नाहीतर आखातातला मामा सुट्टीवर येताना आणतो म्हणून. इथेच पहिली सूचना. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण अशा कामांनाच सवलत आहे, हौसेला नाही. मामाला हे तिकीट काढण्यापूर्वीच कळवलेले बरे.

दुसरी गोष्ट वजनाची. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ गटात मोडतो. बॅटरी आणि कॅमेऱ्यासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, गट कळेल. नॅनोला, तसेच निव्वळ हौसेसाठी उडवलेल्या मायक्रोला, चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पण प्रमाणपत्र नको याचा अर्थ काहीच नको, असा नव्हे. केंद्र सरकारकडे ऑनलाईन नोंदणी करून ड्रोनला ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनोपेक्षा मोठ्या ड्रोनला, तो कुणावर पडला तर भरपाई देणारा विमाही लागतो. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

तिसरी गोष्ट आकाशाची. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर विमाने उतरू लागली आणि पेडणे तालुक्याचे आकाश बदलले. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांपर्यंतच आहे. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल विभागात केंद्र सरकारची. मोठा उत्सव किंवा बडा पाहुणा असला, तर एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित होऊ शकतो. म्हणून ‘आमच्याच अंगणात उडवतो’ हे उत्तर चालत नाही. अंगण आपले, वरचे आकाश सगळ्यांचे. नकाशा दर वेळी उघडून पाहायचा.

एवढे पाळले की कायद्याचे समाधान होते. शेजाऱ्याचे होते का? तुळशीकडे उभ्या असलेल्या आजीच्या डोक्यावर कॅमेरा घोंघावला, तर तिला २५० ग्रॅम आणि २०० फूट यांच्याशी काय कर्तव्य? न्हाणीघर मागीलदारी असते, बायका विहिरीवर असतात. एका मुलाने आगाऊपणा केला, की गावात ‘ड्रोनवाले’ सगळेच बदनाम होतात. मग चांगल्या मुलांचीही हौस संपते. आणि ही हौस उद्या पोटापाण्याला येऊ शकते. केंद्र सरकारच्या ‘स्वामित्व’ योजनेत २०२० पासून देशभर गावठाणांची मोजणी ड्रोनने चालली आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, दहावी पास मुलाला किंवा मुलीला मान्यताप्राप्त संस्थेत शिकून चालकाचे प्रमाणपत्र मिळवता येते.

म्हणून आमचे मागणे एकच: या मंडळाच्या आश्रयाखाली एक छोटा ड्रोन क्लब असावा. अमेरिकेत विमानांच्या प्रतिकृती उडवणाऱ्या हौशी लोकांनी १९३६ साली ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ स्थापन केली. तिथे सभासदीबरोबर विमाही मिळतो आणि सुरक्षेची शिस्तही. आपल्याला इतके मोठे काही नको. भजनात टाळ कुणी, पेटी कुणी आणि घुमटावर कुणी बसायचे, हे ठरलेले असते ना? तेवढी शिस्त पुरे.

सभासदीचे नियम आम्ही असे सुचवतो. नोंदणी क्रमांकाशिवाय सभासदी नाही. अठरा वर्षांखालील मुलाला पालकाची लेखी संमती हवी आणि उडवताना शेजारी मोठे माणूस हवे. ड्रोन सदैव डोळ्यांच्या टप्प्यात ठेवायचा. घरांवरून, गर्दीवरून उडवायचा नाही. कुणाच्या वाड्यावर न्यायचा तर आधी दार ठोठावून विचारायचे. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालायला येतात, त्या जागेपासून आणि पक्ष्यांच्या थव्यांपासून लांब राहायचे. विसर्जनाचे चित्रण करायचे तर मंडळाने नेमलेल्या एकानेच, तेही नदीच्या मोकळ्या बाजूने. आणि एक वही: कोणी, कुठे, किती वाजता उडवला. तक्रार आली तर ती वही सगळ्यांसमोर उघडायची.

या क्लबच्या समितीत निम्मी माणसे ड्रोन न उडवणारी असावीत, त्यांत बायका असाव्यात, अशी आमची विनंती आहे. त्यांना जे खटकेल, ते आम्ही बंद करू. पालकांनो, मुलाच्या हातातून रिमोट काढून घेऊ नका. त्याला क्लबात घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!